नेट सारखं जातंय-येतंय? राउटर बंद करण्याआधी दिवे बघा

नेट गेलं की पहिला हात जातो राउटरच्या स्विचकडे. बंद करायचं, दहापर्यंत मोजायचं, चालू करायचं. तीन मिनिटांत नेट येतं, रात्री पुन्हा जातं. बंद-चालू करण्यात तोटा असा, की बिघाड नेमका कुठे होता हे सांगणाऱ्या खुणाच पुसल्या जातात. मग लाइनमन येतो, त्या वेळी सगळं हिरवं असतं, तो म्हणतो "चालू आहे की", आणि तक्रार बंद होते. म्हणून नेट गेलेलं असतानाच दोन मिनिटं तपासणी करा, मग खुशाल बंद-चालू करा.

आधी घरच्या फायबर जोडणीचं बघू. मोबाइल आणि प्रवासाचं शेवटी.

नेट गेलं त्या क्षणी

फायबर ज्या डब्यात येते त्याला ओएनटी म्हणतात. बऱ्याच घरांत राउटर आणि ओएनटी एकाच डब्यात असतात. नेट गेलेलं असताना या डब्याच्या दिव्यांचा मोबाइलवर फोटो काढा. फोटोत वेळही नोंदली जाते, पुढे ती उपयोगी पडते. दिव्यांचा अर्थ असा:

- सगळे दिवे एकदम विझून पुन्हा पेटतायत: वीज किंवा अडॅप्टर.
- एलओएस लाल: फायबरमधून प्रकाश येत नाही, किंवा फार मंद येतोय.
- पॉन लुकलुकतोय, स्थिर होत नाही: प्रकाश आहे, पण पलीकडच्या यंत्राशी नोंदणी पूर्ण होत नाही.
- पॉन स्थिर हिरवा, इंटरनेटचा दिवा लाल किंवा विझलेला: लॉगिन अडकलंय.
- सगळं हिरवं आणि तरी नेट नाही: घरातलं वायफाय, डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सोय) किंवा कंपनीच्या पुढचा रस्ता.

शेवटच्या स्थितीत लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत पिंग ही (पत्त्याकडून उत्तर येतं का बघणारी) आज्ञा 'वजा टी' जोडून राउटरच्या पत्त्यावर सोडा; तो बहुधा १९२.१६८.१.१ असतो, नसेल तर डब्याखालच्या स्टिकरवर बघा. दुसरीत तीच आज्ञा इंटरनेटवरच्या १.१.१.१ या पत्त्यावर. पहिलीत उत्तरं तुटत असतील तर बिघाड तुमच्या वायफायमध्ये आहे, कंपनीला फोन करून उपयोग नाही. पहिली सलग चालू आणि दुसरी तुटते, तर बिघाड डब्याच्या पलीकडे. दोन्ही सलग चालू असून साइट उघडत नाहीत, तर डीएनएस किंवा पॅकेटच्या, म्हणजे नेटवरून जाणाऱ्या डेटाच्या तुकड्याच्या, मापाचा घोळ. निम्मं निदान इथेच होतं.

अडॅप्टर आणि लाइट

डबा दिवसातून चार-पाच वेळा आपोआप रीस्टार्ट होत असेल तर आधी अडॅप्टरवर संशय घ्या. बहुतेक ओएनटींना १२ व्होल्ट लागतात, १ ते २ अँपिअरचा अडॅप्टर असतो. दोन-तीन वर्षं अखंड चालल्यावर त्यातले कपॅसिटर सुकतात. मल्टिमीटरवर नुसतं मोजलं तर १२ दिसतात, पण वायफायवर भार आला की दाब खाली येतो आणि डबा झोपतो. म्हणूनच घरात सगळे एकदम व्हिडिओ बघायला बसले की नेट जातं, अशी तक्रार येते. नवा अडॅप्टर घेताना व्होल्ट तेवढेच हवेत. अँपिअर जास्त चालतात, कमी नाही.

पिन हा वेगळाच त्रास. बाहेरून ५.५ मिलिमीटर सारखीच दिसणारी पिन आतून २.१ किंवा २.५ मिलिमीटर असते. डब्याच्या २.१ च्या काडीवर २.५ ची पिन बसते, पण ढिली. केर काढताना धक्का लागला, पंख्याच्या वाऱ्याने वायर हलली, की डबा बंद. पिन हातात धरून अगदी हलकी हलवा. दिवे फडफडले तर कारण सापडलं.

घरात इन्व्हर्टर असून लाइट गेल्यावर नेट जात असेल तर इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोडचा स्विच आहे का बघा. साध्या मोडमध्ये बदलायला जो क्षणभर उशीर होतो तेवढ्यात डबा रीस्टार्ट होतो, आणि परत जोडायला तीन-चार मिनिटं घेतो. इन्व्हर्टर नसेल तर १२ व्होल्टचा मिनी यूपीएस पुरतो. त्यावर ८,००० एमएएच लिहिलेलं असतं ते आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचं. म्हणजे जवळपास ३० वॉट-तास. रूपांतरात जाणारं वजा केलं तर २४-२५ उरतात. ओएनटी ८ वॉट खात असेल तर तीन तास. खोक्यावरचा 'आठ तास' हा आकडा सोडून द्या.

मिनी यूपीएस लावूनही लाइट गेल्यावर नेट जातंच, असं झालं तर खाली मीटररूममध्ये किंवा गच्चीवर केबलवाल्याचा स्विच बिनबॅकअपचा आहे. ज्या इमारतीत फायबर खालपर्यंतच येते आणि वर साधी लॅन वायर चढते, तिथे हे हमखास होतं. मग तुमच्या घरात काहीही बसवून फरक पडणार नाही. तो स्विच बॅकअपवर घ्यायला सांगा, सोसायटीच्या मीटिंगमध्येच विषय काढा.

एलओएस लाल, किंवा मधूनच लाल

फायबर पूर्ण तुटली तर एलओएस कायम लाल राहतो. लाइनमन येतो, जोडतो, विषय संपतो. डोकेदुखी असते ती मधूनच लाल होणाऱ्याची. त्यासाठी प्रकाशाची पातळी बघायला शिका. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकून लॉगिन करा, स्टेटसमध्ये पॉन किंवा ऑप्टिकल नावाचं पान असतं, त्यात आरएक्स पॉवर (डब्यापर्यंत पोचणारा प्रकाश) हा आकडा डीबीएम या मापात, वजा चिन्हासह येतो; वजा आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी.

नेहमीच्या जीपॉन जोडणीत वजा २७ ही शेवटची रेघ. त्याखाली डबा आंधळा होतो. वजा १५ ते वजा २३ असेल तर निर्धास्त राहा. वजा २५-२६ म्हणजे चालू आहे, पण जरा काही हललं की जाणार. आकडा कुठून येतो तेही पाहा: कंपनीच्या टोकाला समजा अधिक ३ डीबीएमने प्रकाश सुटला. वाटेत ३२ घरांत वाटणारे स्प्लिटर साधारण १७ डीबी खातात, तीन किलोमीटर फायबर एक डीबी, कनेक्टर आणि जोड मिळून दोन. घरी पोचतात वजा १७. तुमच्याकडे वजा २५ दिसत असेल तर कुठेतरी ८ डीबी गळतायत, म्हणजे येणाऱ्या प्रकाशाचा जेमतेम सहावा हिस्सा उरलाय. एवढी गळती निष्काळजी जोडात, मळलेल्या कनेक्टरात किंवा दाबलेल्या वायरीत असते.

दाबलेल्या वायरीचं सगळ्यात नेहमीचं ठिकाण म्हणजे सरकती खिडकी. जोडणी देताना घाईत भोक पाडत नाहीत, वायर खिडकीच्या पट्टीतून आत घेतात. खिडकी उघडी असेपर्यंत सगळं ठीक. पाऊस आला, खिडकी घट्ट ओढली, पट्टीतली फायबर दाबली गेली, आणि घरात बोलणं सुरू होतं की पावसात नेट जातं! एसी लावताना रात्री खिडकी बंद होते, तेव्हाही तेच. खिडकी उघडी आणि बंद ठेवून आरएक्सचा आकडा दोनदा बघा. वजा २० चा वजा २६ झाला तर बिघाड त्या पट्टीत आहे. भिंतीला वायरीपेक्षा थोडं मोठं भोक पाडून घ्या, बाहेरच्या बाजूला किंचित उतार ठेवा आणि आत शिरण्याआधी वायरीला खाली एक झोल सोडा, म्हणजे पाणी तिथून ठिबकेल, आत येणार नाही.

दुसरं ठिकाण डब्यामागचं. राउटर भिंतीला चिकटवून ठेवला की फायबर काटकोनात मोडते. घरात येणाऱ्या फायबरला वळण सोसतं, पण सुमारे १० मिलिमीटर त्रिज्येपर्यंत. जुन्या प्रकारच्या फायबरला ३० लागतात. जास्तीची वायर गुंडाळायची तर चहाच्या बशीएवढा वेढा ठेवा आणि प्लास्टिकची टाय ओढून आवळू नका.

कनेक्टरचा रंगही बघा. हिरव्याचं टोक ८ अंशांत तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. हिरवा कनेक्टर निळ्या खोबणीत बसतो, खटकन आवाजही येतो, पण मध्ये फट राहते आणि कित्येक डीबी तिथेच जातात. डबा बदलून दिल्यापासून नेट अस्थिर झालं असेल तर ही शक्यता आधी तपासा. कनेक्टर काढलाच तर टोकाला बोट लावू नका, फुंकर मारू नका. पुसायचं ते धागे न सुटणाऱ्या टिश्यूने, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने. आणि उघड्या टोकात डोळा घालून "लाइट येतेय का" हे बघू नका. तो प्रकाश अवरक्त आहे, दिसणार काहीच नाही, डोळ्याला धोका मात्र आहे.

याउपर खार, उंदीर, माकडं, रंगारी आणि मांडववाले आहेतच. ते काम लाइनमनचं. तो लाल लेझरचा पेन लावून गळतीची जागा दाखवू शकतो. जोड नुसता चिकटपट्टीने गुंडाळला असेल तर पुढच्या पावसात पुन्हा फोन करावा लागेल. स्प्लायसिंग मशीनने (फायबरची टोकं वितळवून जोडणाऱ्या यंत्राने) जोडून बंद डबीत ठेवायला सांगा.

दिवे हिरवे, लॉगिन अडकलेलं

बऱ्याच कंपन्या पीपीपीओई वापरतात: राउटरमध्ये युजरनेम-पासवर्ड असतो आणि एका आयडीवर एकच सेशन चालतं. लाइट झटकन गेली की तुमचा डबा मेला हे सर्व्हरला लगेच कळत नाही. जुनं सेशन तिथे काही मिनिटं लटकत राहतं आणि नव्या लॉगिनला नकार मिळतो. अशा वेळी दर मिनिटाला डबा बंद-चालू करणं म्हणजे आगीत तेल. दहा मिनिटं नुसतं चालू ठेवा. तरी लागलं नाही तर कंपनीला फोन करून "माझं जुनं सेशन क्लिअर करा" एवढंच सांगा. राउटर बदलला असेल तर "मॅक रीसेट करा" असं सांगा, कारण काही ठिकाणी आयडी जुन्या राउटरच्या मॅक पत्त्याला, म्हणजे त्या यंत्राच्या ओळखक्रमांकाला, बांधलेला असतो. प्लॅनची मुदत संपलीय का हेही बघून घ्या.

दर २४ तासांनी ठरलेल्या वेळी मिनिटभर तुटत असेल तर ते सर्व्हरच्या सेशन मर्यादेमुळे असू शकतं. ऐन मीटिंगमध्ये येत असेल तर पहाटे एकदा राउटर बंद-चालू करा, पुढचं तुटणं पहाटेवर जाईल.

एक चकवा: गूगल उघडतं, व्हॉट्सअ‍ॅपचे शब्द जातात, पण फोटो अडकतो, काही साइट गोल फिरत राहतात, ऑफिसचं व्हीपीएन जोडलं जातं आणि पुढे काही उघडत नाही. हा पॅकेटच्या मापाचा घोळ. पीपीपीओई प्रत्येक पॅकेटमधले ८ बाइट स्वतः घेतं, म्हणून १,५०० ऐवजी एमटीयू (पॅकेटचं कमाल माप) १,४९२ हवा. राउटरच्या वॅन (बाहेरच्या जोडणीच्या) सेटिंगमध्ये तो आकडा टाका. पडताळायला १.१.१.१ वर पिंग सोडताना 'वजा एफ' आणि 'वजा एल १४६४' जोडा. उत्तर आलं तर माप बरोबर. पॅकेट तोडावं लागेल असं सांगितलं तर १० बाइटने उतरत जा. जिथे उत्तर येईल त्यात २८ मिळवा, तो तुमचा एमटीयू.

वायफायचे उद्योग

हॉलमध्ये चालतं आणि आतल्या खोलीत जातं, तर फायबरला दोष देऊ नका. आरसीसी भिंत, लोखंडी कपाट आणि मोठा आरसा हे तिघे वायफायचे वैरी. राउटर टीव्हीच्या मागे, सेटटॉप बॉक्सवर ठेवला असेल तर आधी तो तिथून हलवा: सिग्नलही अडतो, उष्णताही साठते.

२.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. चाळीस फ्लॅटच्या इमारतीत सगळे ऑटोवर असतात. मोफत वायफाय अ‍ॅनलायझर अ‍ॅपने त्यातला कमी गर्दीचा शोधा, रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ३ किंवा ९ निवडणं शहाणपणाचं वाटतं, पण मग दोन्हीकडची गर्दी अंगावर येते. फोन-लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर न्या; स्मार्ट प्लग आणि साधे कॅमेरे २.४ वरच चालतात, म्हणून दोन्हींना वेगळी नावं द्या. ५ गिगाहर्ट्झ अधूनमधून मिनिटभर पूर्ण गायब होत असेल तर चॅनल ५२ ते १४४ मधला असणार. तिथे रडारची चाहूल लागली की राउटरला जागा सोडावी लागते. ३६ ते ४८ मधला द्या.

फक्त एकाच लॅपटॉपवर नेट जात असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवण्यासाठी बंद करण्याची खूण काढा.

आतल्या खोलीसाठी स्वस्त रिपीटर घेण्याआधी जुना राउटर बाहेर काढा. त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, डीएचसीपी (फोन-लॅपटॉपना पत्ते वाटण्याची सोय) बंद करा, आणि मुख्य डब्यातून आलेली लॅन वायर त्याच्या लॅन खोबणीत लावा, वॅनमध्ये नाही. डीएचसीपी बंद करायला विसरलात तर दोन राउटर पत्ते वाटत बसतात आणि घरातल्या निम्म्या फोनांवर 'कनेक्टेड, नो इंटरनेट' दिसतं. हा बिघाड स्वतः ओढवून घेतलेल्यांत पहिल्या नंबरचा आहे.

२०० किंवा ३०० एमबीपीएसचा प्लॅन असून वेग कायम ९४ च्या आसपास अडकतो? बहुधा लॅन वायरीच्या आठपैकी चारच तारा लागलेल्या आहेत. १०० एमबीपीएसला १, २, ३, ६ या चार पिना पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. वायरीच्या टोकाचा आरजे४५ प्लग कापून नवा लावा. क्रम पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी.

तक्रार कशी लिहायची

"नेट स्लो आहे" असं लिहिलं की "राउटर रीस्टार्ट करा" हेच उत्तर येतं. त्याऐवजी असं लिहा: "सोमवार रात्री ९.१० आणि मंगळवार सकाळी ७.४० ला एलओएस लाल, फोटो जोडले आहेत. आरएक्स वजा २६.४, मागच्या महिन्यात वजा १९ होता. घरातली वायर आणि कनेक्टर तपासले आहेत." तक्रार क्रमांक घ्या आणि काम पूर्ण झाल्याचा ओटीपी आरएक्स सुधारल्याशिवाय देऊ नका. जोडणी नवी असतानाच तो आकडा डब्याच्या पाठीवर पेनाने लिहून ठेवला तर तुलना सोपी जाते.

बाहेर पडल्यावर

मोबाइलवर मात्र बंद-चालू करण्याला अर्थ आहे. दहा सेकंद एअरप्लेन मोड लावला की फोन दूरच्या टॉवरला चिकटलेला असेल तर तो सोडून नव्याने जवळचा शोधतो. सिग्नलच्या काड्यांवर भरवसा ठेवू नका. अँड्रॉइडमध्ये 'फोनबद्दल'मधल्या सिम स्टेटसमध्ये सिग्नलचा आकडा मिळतो: वजा ९० पर्यंत चांगला, वजा ११० च्या खाली बोलणंही कठीण. आकडा चांगला आणि नेट नाही, तर गर्दी, संपलेला रोजचा कोटा किंवा एपीएन (कंपनीच्या नेटशी जोडणारं फोनमधल्या सेटिंगचं नाव). कोटा संपल्यावर बऱ्याच प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. काड्या पूर्ण दिसतात आणि पान उघडत नाही ते यामुळे.

सिम बदललं किंवा पोर्ट केलं की एपीएन तपासा. जिओचा 'जिओनेट', एअरटेलचा 'एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम', बीएसएनएलचा 'बीएसएनएलनेट', व्हीआयचा 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू'. सगळे इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता.

५जी आणि ४जी यांच्यात फोन सारखा उड्या मारत असेल, गाडीत तर हे फारच होतं, तर नेटवर्क प्रकार तेवढ्यापुरता ४जी करा. वेगाचा आकडा उतरतो, पण कॉल तुटत नाही आणि बॅटरीही टिकते. दोन सिमवाल्यांनी एक लक्षात ठेवा: डेटा एका सिमवर आणि कॉल दुसऱ्यावर आला की बऱ्याच फोनांत डेटा थांबतो. नेट 'अधूनमधून' जातं त्याची वेळ कॉल लॉगशी ताडून बघा.

हॉटस्पॉट जुन्या लॅपटॉपला दिसत नसेल तर फोनमध्ये बँड २.४ गिगाहर्ट्झ करा. पाच-दहा मिनिटांत आपोआप बंद होत असेल तर त्याच पानावरचा टाइमआउट काढा. लांबच्या प्रवासात यूएसबी केबलने टेदरिंग जास्त बरं: फोन चार्जही होतो, आणि तो खिडकीपाशी ठेवता येतो. विंडोजमध्ये ती जोडणी 'मीटर्ड' करा, नाहीतर अपडेट दिवसाचा कोटा कर्जत येण्याआधीच संपवेल. कर्जत-लोणावळा घाटातल्या बोगद्यांत आणि कोकण रेल्वेवर रत्नागिरीजवळच्या साडेसहा किलोमीटरच्या करबुडे बोगद्यात कुठलीच सेटिंग कामाची नाही. तिकीट आणि फाइल आधीच फोनमध्ये उतरवून घ्या.

स्टेशनवरचं रेलवायर वायफाय दिवसाला पहिली ३० मिनिटं मोफत मिळतं, पण लॉगिनचं पान उघडतच नाही, ही कायमची रड. कारणं तीनच: व्हीपीएन चालू, अँड्रॉइडचं 'प्रायव्हेट डीएनएस' एखाद्या नावावर लावलेलं, किंवा फोन मोबाइल डेटाकडे पळतोय. व्हीपीएन बंद करा, प्रायव्हेट डीएनएस 'ऑटोमॅटिक'वर आणा, डेटा बंद करा, आणि ब्राउझरमध्ये 'नेव्हरएसएसएल डॉट कॉम' टाका. ती साइट मुद्दाम बिनकुलपाची ठेवलेली आहे, त्यामुळे वायफायला तिथे आपलं लॉगिनचं पान घुसवता येतं. ओटीपी एसएमएसने येतो, तेव्हा डेटा बंद ठेवा, सिम नाही.